कान बघायचा तर खिडकीकडे

आमच्या खाडीवर माझ्यासारखा होडी हाकणारा दुसरा नव्हता. नव्हताच, कारण होडी एकच होती, आणि तीही माझी नव्हती.

तेव्हा पूल झाला नव्हता. बाजाराला जायचं तर माझ्या होडीतूनच. पन्नाशीला आलो आणि डोळ्यांनी चेष्टा सुरू केली. एक दिवस बायकोला म्हटलं, "गो, माका माड वाकडो दिसता."

"माड वाकडोच आसा," ती म्हणाली.

आता आमच्याकडचे माड आधीच समुद्राकडे झुकलेले, त्यामुळे माझी तक्रार कुणाला पटेना. मग दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. बायको म्हणाली, "ती तुमी बसवलास. वाकडीच आसतली." माणसाचं तोंड बघितलं की मधे राखाडी डाग, भोवती नुसते कान आणि केस. तरी मी कुणाला काही सांगितलं नाही. आवाजावरून माणसं ओळखायचो, आणि चुकलो की थट्टा केली म्हणून हसायचो. लोकही हसायचे. जोकर असल्याचा एवढा फायदा.

पण जाळ्यासाठी खाडीत रोवलेला खुंट काही बोलत नाही. भर दुपारी, भरलेली होडी मी सरळ त्याच्यावर घातली. कोण बुडालं नाही. एका बाईची माशांची पाटी तेवढी गेली, आणि तिनं माझ्या सात पिढ्या पाण्यात बुडवल्या.

होडीचा मालक घरी आला. "एक दिवस माणसां बुडवतलस रे तू. कुडाळाक डोळ्यांचो डाक्तर येता. मी तुझ्यावांगडा येतंय. तो व्हय म्हणालो तर होडी तुझी. नाय म्हणालो तर दुसरो माणूस."

दुसरो माणूस शोधायला त्याला लांब जायला नको होतं. मुंबईत गिरण्यांचा संप चालू होता, निम्मं गाव परत येऊन देवळाच्या पारावर बसलं होतं. मला मात्र होडीशिवाय काही येत नव्हतं. होडी तरी येते का, हाच तर प्रश्न होता.

कुडाळला दवाखान्याबाहेर बाकडं भरलेलं. सगळे आमच्याच भागातले. मालक त्यांच्यात बसला, मी नि बायको आत. डॉक्टर घाटावरचा, शांत माणूस. त्यानं डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ बसवून ठेवलं, आणि मग मला टेबलावर आडवा केला. स्वतःच्या कपाळाला दिवा बांधला. नरकात कोण भेटायचा असेल तर तो असाच दिसत असेल.

"पडद्याचा मधला भाग खराब झालाय," तो म्हणाला. "तो कळला. आता कडा बघायच्यात. मधलं बिघडलं की सगळे मधलंच बघत बसतात, आणि कडेला भोक असलं तर सगळा पडदा सुटतो. माझ्या उजव्या कानाकडे बघा."

मी बघितलं.

"कान म्हटलं मी. खिडकी नव्हे."

"कानच बघतोय, साहेब. कान बघायचा तर मला खिडकीकडे बघावं लागतं."

कोपऱ्यातून बायको म्हणाली, "घरातय तसाच. माझ्याकडे बघूक लागले की शेजारणीकडे बघल्यासारखे दिसतत."

मग डॉक्टरानं एका हातात भिंग धरलं, दुसऱ्या हातात एक लोखंडी काडी घेतली आणि पापणीवरून डोळा दाबायला लागला. "वर बघा. खाली बघा. नाकाकडे बघा." दुखत फार नव्हतं, पण मी घाबरलो. हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून गाऱ्हाणं सुटलं, तेही देवळातल्यासारखं खड्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकराचो डोळो डाक्तराच्या हाताखाली इलो आसा, तेचो सांभाळ कर रे म्हाराजा!"

बाहेरून अख्खं बाकडं ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

डॉक्टराच्या हातातलं भिंग माझ्या छातीवर पडलं.

गावात देवापुढे असं गाऱ्हाणं घालायचा मान मानकऱ्यांचा. आम्ही मागं उभं राहून नुसतं व्हय म्हणायचं. जन्मात पहिल्यांदा माझ्या शब्दाला माणसं व्हय म्हणाली. मी भीती विसरलो.

"मधला गेला ता गेला, पण कडेक भोक आसात तर ता बुजव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि होडी ह्येच्याच हातात रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज होडीच्या मालकाचा होता.

डॉक्टरानं भिंग उचललं, पुसलं, आणि म्हणाला, "झालं असेल तर डावा डोळा बघू?"

शेवटी त्यानं मालकाला आत बोलावलं. "कडा चांगल्या आहेत. कुठे भोक नाही. मधलं परत येणार नाही, पण कडेचं दिसत राहील. वल्हवायला हरकत नाही, पण एकट्यानं नाही. पुढे बघणारं कुणीतरी हवं."

मालक डोकं खाजवायला लागला. "पुढे बसूक आता कोणाक आणू?"

"मी बसतंय," बायको म्हणाली.

"बाईमाणूस होडयेर?"

"आत्ता देवाक व्हय म्हणालास मा तुमी?"

"ता सवयीन तोंडात इला गो!"

"मग देवाक जावन तसा सांगा."

मालक काही देवाकडे गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून बायको होडीच्या पुढच्या टोकाला पाठमोरी बसायला लागली, आणि मी मागून वल्हवत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागलो, की बाबांनो, मी नुसतं गाऱ्हाणं घातलं आणि देव स्वतः व्हय म्हणाला.

एकदा भरल्या होडीत हे रंगवून सांगत होतो. बायकोनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"देव नाय, बाकड्यावरची माणसां व्हय म्हणाली," ती म्हणाली. "आता तोंड बंद करा आणि डावीकडे घेवा. खुंट इलो."