बिनधुराचं नवरात्र

मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडच्या एका गावात गिरजा सून म्हणून आली आणि पहिल्याच नवरात्रात घटासमोर घेरी येऊन पडली.

देवघर म्हणजे माजघरामागची अंधारी खोली. तिला खिडकी नव्हती. सासू, सकुबाई, धुपाटण्यात रसरशीत निखारे भरायची आणि वर मूठभर राळ टाकायची. मग असा धूर कोंडायचा की घटापुढचा नंदादीपसुद्धा दिसेनासा व्हायचा. गिरजेला लहानपणापासून दमा. चूल मागच्या उघड्या पडवीत होती, तिथे वारा धूर घेऊन जाई, म्हणून रांधणं निभायचं. पण देवघरात आरतीचं पहिलं कडवं संपायच्या आत तिचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. नवऱ्याने, रघूने, उचलून बाहेर आणली म्हणून वाचली.

गावातल्या बायांनी निकाल देऊन टाकला, "सकुबाई, तुज्या सुनंला देवी मानवत नाय गो!"

सकुबाईने तसा शब्द कधी तोंडातून काढला नाही. पण राळही कमी केली नाही. "धूर चढल्याबिगर देवी घटावर येत नाय," ती म्हणायची. "माज्या सासूनं असाच केला, मी बी तसाच करणार."

तेव्हापासून दर नवरात्रात झेंडूच्या माळा गिरजेने ओवायच्या, नैवेद्य तिने रांधायचा, आणि आरती सुरू झाली की तिने गोठ्यात जायचं. भिंतीपलीकडून झांजा वाजायच्या. बैलांच्या दावणीशी उभी राहून ती तिथूनच टाळ्या वाजवायची. तिचा गळा गोड होता, पण दारात फेर धरणाऱ्या बायांनासुद्धा ते ठाऊक नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग दोन हजार एक साली, श्रावणात, सकुबाईला मोतीबिंदूने घेरलं. रघू कल्याणला एका अत्तराच्या दुकानात कामाला होता. त्याने तिथल्या दवाखान्यात दाखवून ऑपरेशन करवलं. पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "आजी, धुरात अजिबात जायचं नाही. दसरा होऊन जाऊ दे, मग बघू."

सकुबाईने काळा चष्मा लावला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाली, "मंग औंदा घट कुनी बशवायचा?"

मुरबाडची एसटी सुटायला अवकाश होता, म्हणून रघूने आईला आणि तिच्या सोबतीला आलेल्या गिरजेला दुकानात नेऊन बसवलं. मालक म्हातारे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या गल्ल्यापाशी छोटं धुपाटणं ठेवलेलं होतं. ते पाहिल्याबरोबर गिरजेने पदराने नाक दाबलं आणि ती दाराकडे सरकली.

"बेटी, घाबरू नको," चाचा हसले. "यात धूर नाही. बघ तरी."

तिने भीत भीत पाहिलं. निखारा दिसतच नव्हता. वर चाळलेली राख थापलेली, राखेवर नखाएवढा अभ्रकाचा पापुद्रा, आणि त्यावर चिमटीभर तपकिरी भुकटी. पदर नकळत खाली आला. गोड, जुन्या लाकडासारखा, किंचित मधासारखा वास तिच्या छातीत खोल उतरला. घरघर नाही की खोकला नाही. ती पुनःपुन्हा श्वास घेत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"ह्ये काय हाय, चाचा?"

"अगर. आसामकडच्या झाडाचं लाकूड. जाळायचं नाही, नुसतं शेकायचं. जळलं की धूर, शेकलं की सुगंध."

शेजारी सकुबाई काळ्या चष्म्याआड मान वर करून बसली होती. तिच्या नाकपुड्या हलत होत्या.

निघताना चाचांनी पुडी बांधून दिली आणि वर अभ्रकाचे चार तुकडे घातले. "ओल लागू देऊ नको. आणि दुसऱ्या कसल्या वासाजवळ ठेवू नको. ही भुकटी सगळ्यांचा वास उचलते."

गिरजेने ऐकलं, पण हरखलेल्या मनाने घरी येऊन पुडी ठेवली ती फडताळात, सुकटीच्या डब्याशेजारी. चार दिवसांनी उघडली तर भुकटीचे गोळे झालेले आणि वास सुकटीचा! ती मटकन खालीच बसली. रघूला मात्र हसू आवरेना. "देवीला सुकटीचा धूप दावतेस काय गो?" मग तीही हसली.

शनिवारी रघूने पुन्हा थोडी भुकटी आणली. आता ती शहाणी झाली होती. काचेची घट्ट झाकणाची बाटली तिने राखेने घासली, उन्हात कडकडीत वाळवली, भुकटी भरून फडक्यात गुंडाळली आणि भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवली. तिथे ना ओल, ना उजेड, ना कसला वास.

मग तिने गोठ्यात बसून सराव सुरू केला. पहिल्यांदा निखाऱ्यावरची राख पातळ झाली, भुकटी करपली आणि खोकून खोकून जीव जायची पाळी आली. दुसऱ्यांदा राख इतकी जाड की वासच सुटेना. करता करता तिला राखेवर तळहात धरून ऊब ओळखता येऊ लागली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती सासूपुढे उभी राहिली. "आत्या, औंदा घट मी बशवते. तुमी बी आत बसा. धूर नाय व्हायचा."

"आन देवी?"

"देवी आली नाय तर उद्यापासून मी परत गोठ्यात."

सकुबाईने देवघरातलं धुपाटणं आणून तिच्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "बशीव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाया नेहमीसारख्या जमल्या. शेजारची बारकी उंबऱ्यातूनच ओरडली, "आगो, धूर कुठं हाय? आज धूप घातलाच नाय का?" आणि पुढचं बोलायच्या आत ती थांबली. सुगंध माजघर ओलांडून तिच्यापर्यंत येऊन पोचला होता. बाया एकामागून एक आत आल्या, कुणी डोळे चोळले नाहीत. पहिल्यांदाच सगळ्यांना देवघर लख्ख दिसत होतं, घट, माळ, नंदादीप, आणि घटासमोर मांडी घालून बसलेली गिरजा.

तिने आरती धरली. एवढी वर्षं भिंतीपलीकडे दबलेला आवाज असा मोकळा सुटला की झांजवाल्या पोरी झांजा वाजवायच्या विसरल्या. एकेक कडवं करत तिने शेवटपर्यंत म्हटलं, कुठे दम तुटला नाही. दारात उभ्या रघूने छाती पुढे काढून आजूबाजूला पाहिलं.

आरती झाली. सगळे सकुबाईकडे बघू लागले. म्हातारीने चष्मा काढला, घटाकडे डोळे भरून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "आली. आज मला सोता दिसली."

त्या नवरात्रात गिरजेची एकही आरती चुकली नाही. दसऱ्याला घट हलवला तेव्हा सकुबाईने सोन्याची पहिली पानं देवीला वाहिली, दुसरी सुनेच्या हातात ठेवली आणि भरल्या घरात सांगितलं, "आता हिच्या हयातीत घट हीच बशवंल."

पुढच्या वर्षी गावदेवीच्या देवळातून बोलावणं आलं. गुरव स्वतः दारात येऊन उभा राहिला, "वैनी, आमच्या म्हाताऱ्यालाबी दमा हाय. देवळात तुमचा अगर लावाल काय?" गिरजेने बाटली कमरेला खोवली, नऊवारीचा पदर खांद्यावरून घेतला आणि देवीच्या वाजतगाजत जाणाऱ्या पालखीच्या पुढे, ताठ मानेने, देवळाच्या पायऱ्या चढली.