स्मरणिकेतले आजोबा

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी कॉलेजात जाते. भेटली की "काका, कसे आहात?" विचारते. पण मी "आज फार उकडतंय, नाही?" म्हटलं, की आधी फोनवर तापमान बघते आणि मग "हो" म्हणते. मराठी अडखळत बोलते, मध्येच बंगालीत शिरते. कलकत्त्याच्या बालीगंजमध्ये वाढलेली मुलगी, चालायचंच.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी मी तिच्याकडे तिच्या दिवंगत आजोबांवर चार ओळी मागितल्या. आजोबा म्हणजे माझे चाळीस वर्षांचे मित्र. तासाभरात दोन पानं आली, एकही चूक नाही. त्यात आजोबा तिला खांद्यावर घेऊन, अभंग गात शेताच्या बांधावरून चालले होते.

आजोबांचा जन्म कलकत्त्यातला. शेत त्यांनी पाहिलं ते रेल्वेच्या खिडकीतून, आणि आवाज चढायचा तो फक्त मासेवाल्याशी घासाघीस करताना.

"हे कुठून आणलंस?"

"मी फोनला फक्त 'मराठी आजोबा' एवढंच सांगितलं, काका. छान आहे ना?"

मी तडक तिच्या वडिलांना पानं दाखवली. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"अगदी असेच होते हो बाबा."

खाली येऊन मी आजोबांचा जुना फोटो शोधला, खात्री करून घ्यायला.