तारखेहून येणाऱ्यासाठी राखलेला भात

अन्नातून विषबाधा झाली की आमच्या आरोग्य खात्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: काय खाल्ले? नोकरीच्या अखेरच्या वर्षी भिवंडीजवळच्या एका तुरुंगात तो विचारला आणि निरुपयोगी ठरला.

"सगळ्यांनी खाल्लं तेच, साहेब. इथं काय मेनूकार्ड हाय?" एक कैदी म्हणाला.

उलट्या मात्र एकाच बराकीला झाल्या होत्या. आदल्या दिवशीचा तोच भात इतर बराकींनी निर्धोकपणे पचविला होता. तरी संशय आचाऱ्यावर होता. तो पडघ्याकडचा कैदी. पूर्वी यंत्रमाग कामगारांच्या भिशीत, म्हणजे खानावळीत, भात शिजवीत असे. सुटकेला अठरा दिवस उरले होते. ठपका बसता तर शिक्षेतली माफी जाऊन मुक्काम लांबला असता.

"भिशीत दोन्ही शिफ्टना जेवू घातलं. कुणी पोट धरलं न्हाय."

"मग येथे?"

"इथली माणसं नाजूक हायेत."

बराक मुकी होती. पोलिसांपुढे गप्प राहण्याचा सराव असलेली माणसे मला काय सांगणार? मी प्रश्न उलटा केला. कोणाला काहीच झाले नाही? एक हात वर आला. तो आदल्या दिवशी तारखेला कोर्टात गेला होता.

"तू काय खाल्लेस?"

"बिर्याणी. बायकोनं आणली होती."

"आन् आम्ही ह्याच्यासाठी भात राखला," मागून कोणी म्हणाले आणि जीभ चावली.

कोर्टातून उशिरा परतणाऱ्यासाठी प्रत्येकाने मूठभर भात बादलीत राखायचा, ही त्या बराकीची रीत. नियमाविरुद्ध, अर्थात. हा पोटभर जेवून आला आणि भात रात्रभर उकाड्यात राहिला. सकाळी हा सोडून बाकी सर्वांनी तो लोणच्याशी संपविला. अन्न टाकणे त्यांना चोरीहून मोठे पाप वाटत होते. बादलीच्या तळच्या शितांनी प्रयोगशाळेत तेच सांगितले.

"भात राखणाऱ्यांची नावे?" तुरुंगाधिकाऱ्यांनी विचारले.

"आजार भाताने झाला. नावांनी नाही."

दोष शिजवण्यात नसून साठवण्यात आहे, असे मी लिहिले. उशिरा परतणाऱ्यांना ताजे जेवण द्यावे, अशी शिफारसही केली. आचाऱ्याला अहवाल वाचून दाखविला. त्याने आभार मानले नाहीत.

"भात चांगला शिजला होता, असं लिवलं का?"

"दोष नाही, असे लिहिले आहे."

"ते येगळं, साहेब."

शासकीय अहवालात असे वाक्य बसत नाही. मी ते बसविले. तो वेळेवर सुटला.