पत्र्यावरचा रेणू
वेल्डिंगच्या गॅसचा लसणासारखा वास आला की मला महाडच्या नाक्यावरचं आमचं दुकान आठवतं. धाकटी बहीण मुंबईहून सुट्टीला आली होती. लेझरच्या क्षणभराच्या प्रखर झोताने रेणू कसे तुटतात, हा तिचा अभ्यास. त्यासाठी तीन वर्षं जर्मनीला जायला तिला वडिलांचा होकार हवा होता. रेणू आमच्याच वेल्डिंगच्या गॅसचा, ॲसिटिलीनचा, म्हटल्यावर वडिलांनी आधी विचारलं, "दिवसाला किती टाक्या लागतात गो?" "टाकी कसली आप्पा, फुंकरभरपण नाय," ती हसली. मग तिने खडूने पत्र्यावर दोन कार्बन आणि दोन टोकांना दोन हायड्रोजन काढले. "झोत पडला की कधीकधी एका टोकाचा हायड्रोजन दुसऱ्याजवळ धावतो, आणि मग रेणू तुटतो. सेकंदाचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी. त्यातले पाच-सहा भाग, एवढाच वेळ." वडिलांनी पत्र्यावरच्या हायड्रोजनवर बोट ठेवलं. "म्हणजे तुटायच्या आधी जवळ येतात," ते म्हणाले. "जा तू. पण त्याआधी आठ दिवस घरी राहा." ती सातच दिवस राहिली, एक दिवस व्हिसाच्या कामात गेला. आता माझी मुलगी नोकरीसाठी बंगळूरला निघाली आहे. मी तिच्याकडे नऊ दिवस मागितले आहेत.