ब्रेकमॅडम ट्रेनने जातात

माझ्या मुलीचा उजवा पाय काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. लोकांना मुलींच्या रीतसर काळज्या असतात. कुणाचा जावई तिरसट निघतो, कुणाची लेक परदेशात रडत बसते. माझ्या वाट्याला पाय आला. तोही धडधाकट, चालता-फिरता, डॉक्टरला दाखवावं तर फी परत देतील असा.

माझी मुलगी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. काम सोपं आहे. ज्याला गाडी येत नाही त्याच्या शेजारी दिवसभर बसायचं आणि आपल्या पायाखाली जो जादा ब्रेक असतो त्याच्या भरवशावर त्याला भर रस्त्यात सोडायचं. तिच्या हाताखाली निम्मं गाव शिकलं. दातांचे डॉक्टर शिकले, बेकरीवाला शिकला, एक न्यायाधीशही शिकले. त्यांना तिनं पहिल्याच दिवशी "निकाल मागाहून द्या, आधी आरशात बघा" असं सुनावलं होतं म्हणे. शिकणारे तिला ब्रेकमॅडम म्हणतात. तिला ते आवडतं. ह्यांना, म्हणजे तिच्या वडिलांना, अजिबात आवडत नसे. कुणी विचारलं की हे सांगत, "मुलगी शिक्षण क्षेत्रात आहे." पुढे काही विचारलं तर ह्यांना ऐकू येत नसे.

तिची स्वतःचीही एक गाडी होती. लाल, जुनी, डावं दार पोचलेलं. लोक कुत्री पाळतात, हिनं ती पाळली होती. एकटी राहते, त्यामुळे लाड करायला दुसरं कुणी नव्हतं. तर दोनेक महिन्यांपूर्वी ती आमच्याकडे जेवायला आली आणि पाणी ओतता ओतता म्हणाली, "गाडी विकली."

"कुठली?" हे म्हणाले.

"माझ्याकडे काय ताफा आहे, बाबा? एकच होती."

"मग कामावर कशी जातेस?"

"ट्रेननं."

"का गं?" मी विचारलं.

तिनं ग्लास काठोकाठ भरला. मग म्हणाली, "धूर कमी. तेवढीच आपली मदत."

इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे साधं कारण कुणी देत नाही. ह्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा ह्यांनी सकाळचं फिरणं बंद केलं ते 'बागेतली बाकं तरुणांना मोकळी राहावीत' म्हणून. माझ्या नणंदेनं गाणं सोडलं ते आवाज बसला म्हणून नव्हे, तर 'कला आतून अनुभवायची' म्हणून. मुलीनं लग्न केलं नाही त्याचंही एक भारदस्त कारण आहे, ते मला अजून नीट पाठ झालेलं नाही. तेव्हा धुराचं कारण आम्ही दोघांनीही मुकाट्यानं गिळलं. फरक इतकाच की मी गिळून गप्प बसले आणि हे दुसऱ्या दिवसापासून ते वाटत सुटले.

ज्या मुलीचा धंदा सांगताना ह्यांचा कान बंद पडायचा, तिचं नाव ह्यांच्या तोंडून हटेना. जिन्यात, दुकानात, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे तेच. "माझ्या मुलीनं गाडी सोडली. ट्रेननं जाते. पृथ्वीचा विचार करते." ते सांगायला हे जुन्या ऑफिसातल्या मित्रांकडेही जाऊन आले. टॅक्सीनं. मी म्हटलं, "ट्रेन होती की." तर म्हणाले, "माझं वय आहे का ते?"

खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका मला जिन्यात अडवून म्हणाले, "वहिनी, ब्रेकमॅडमनं गाडी सोडली म्हणजे खाटकानं भाजीचं दुकान टाकल्यासारखं झालं. चाललंय का दुकान?"

मी हसले. घरी येऊन मात्र ते हसू गेलं. शिंपीकाका कापड बेतताना चुकतील, पण माणूस बेतताना चुकत नाहीत.

मग आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सुचलं की येत्या रविवारी खालच्या हॉलमध्ये मुलीचं भाषण ठेवावं. विषय, 'मी गाडी का सोडली'. सुचलं म्हणजे ह्यांनी सुचवलं. ह्यांनी प्रास्ताविक लिहायला घेतलं आणि मला हुकूम सुटला, "तू एकदा तिच्याबरोबर ट्रेननं जाऊन ये. आईचा अनुभव म्हणून दोन वाक्यं घालू."

अनुभव घ्यायला मी काल गेले. ट्रेन वेळेवर आली. बसायला जागा मिळाली, खिडकीही मिळाली. समोर एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते, पलीकडे एक मुलगी आरशाशिवाय काजळ घालत होती. तक्रारीला जागाच नाही. तक्रार केल्याशिवाय माझा प्रवास झाल्यासारखा वाटत नाही, म्हणून मी खाली बघितलं. आमच्या दोघींच्या मध्ये माझी पिशवी होती, पिशवीत केळी होती, आणि ट्रेन स्टेशनात शिरता शिरता मंद व्हायला लागली तसा मुलीचा उजवा पाय पिशवीवर हळूहळू रुतत चालला होता. गाडी थांबली, पाय सुटला. मी पिशवी माझ्याकडे ओढली.

"पिशवी का सरकवतेस?" ती म्हणाली.

"तुझ्या पायाखाली केळी आहेत."

"माझ्या?" तिनं पायाकडे असं बघितलं की जणू तो कुणीतरी डब्यात विसरून गेलेलं सामान आहे.

पुढच्या स्टेशनला पुन्हा तेच. या वेळी पिशवी नव्हती, नुसती जमीन होती. ती दातओठ खाऊन जमीन दाबत होती. मी म्हटलं, "अगं, ही थांबवायला त्यांनी पगारी माणूस ठेवलाय."

एरवी अशा बोलण्यावर ती मला दुप्पट सुनावते. काल खिडकीबाहेर बघत बसली.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे गाद्यांच्या दुकानावरची एक खोली. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, एका पत्र्याच्या बोर्डावर लोहचुंबकाच्या इवल्याशा गाड्या. मुलगी त्या गाड्या बोटानं सरकवत चार-पाच जणांना चौक शिकवत होती. छान शिकवत होती. खाली रस्त्यावर स्कूलची खरी गाडी उभी होती. तिच्यात दुसराच कुणी मास्तर बसला होता.

मालकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा येण्याआधीच मुद्द्यावर आले. "आई, तुम्ही सांगा तिला. माझं ऐकत नाही."

"काय सांगू?"

"गाडीत बसायला सांगा. दोन महिने झाले, बोर्डच शिकवतेय. बोर्ड काय, माझी भाचीही शिकवेल. मला म्हणाली, पर्यावरण. म्हटलं, ताई, आपण दुकान कशाचं काढलंय?" त्यांनी आवाज खाली आणला. "महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग तिच्या जागी माणूस घ्यावा लागेल. तिच्यासारखं कुणी मिळणार नाही, माहीत आहे मला. पण खोलीचं भाडं धूर कमी झाला म्हणून कमी होत नाही."

दुपारी आम्ही दोघी जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. मी चेपलेली केळी सोलली. तीच म्हणाली, "मालक बोलले ना?"

"बोलले. आता तू बोल."

ती सालीशी खेळत सांगायला लागली. एका शिकाऊ बाईला घेऊन ती गल्लीतून मोठ्या रस्त्याला येत होती. कडेनं एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता. बाई गोंधळली आणि गाडी सरळ त्याच्याकडे गेली.

"असं रोज होतं, आई. रोज मी दाबते. त्या दिवशी डोळ्यांना दिसलं, डोक्याला कळलं, पण पायाला कुणी सांगितलंच नाही. पाय तिथेच. मग लागला ब्रेक, पण उशिरा. सायकलचं मागचं चाक वाकलं. त्याला काही झालं नाही. तोच मला म्हणाला, 'घाबरू नका, जुनीच होती.'"

"मग काही झालं नाही ना?"

"तो एक पाऊल मागे असता तर झालं असतं." तिनं साल दुमडून ठेवली. "त्या आठवड्यात गाडी विकली. मला माझ्याच पायाचा भरवसा वाटेना."

"मालकांना सांगितलंस हे?"

"काय सांगू? ब्रेकमॅडमला ब्रेक लागत नाही?"

"आणि आम्हाला धूर सांगितलास."

"तुम्हाला चालतो ना तो," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं की सोमवारी सकाळी मागच्या मोकळ्या मैदानात एकदा बसून बघायचं तिनं ठरवलं आहे. रस्ता नाही, माणसं नाहीत, नुसते टायर मांडायचे आणि एका शिकाऊला घेऊन फिरायचं. पाय उठतो का बघायचं.

"मग बस की."

"रविवारी हॉलमध्ये उभी राहून मी गाडी कशी सोडली ते सगळ्यांना सांगणार आहे. सोमवारी कुठल्या तोंडानं बसू? निम्मे लोक माझ्याच हाताखाली शिकलेत."

"नको करूस भाषण. बाबांना सांग."

"आई," ती म्हणाली, "बाबा माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी बोलले होते का गं?"

खालून शिकाऊ गाडीचा हॉर्न वाजला आणि जिन्यावर बसल्या बसल्या तिचा पाय पायरीवर दाबला गेला. या खेपेला आम्ही दोघींनीही तो बघितला.

आज संध्याकाळी ह्यांनी मला प्रास्ताविक वाचून दाखवलं. 'माझ्या कन्येने सुखसोयींचा त्याग केला' असं सुरू होतं आणि त्याग पानभर चालतो. मी मधेच विचारलं, "तिला पुन्हा गाडी चालवावीशी वाटली तर?"

"त्याग काय परत घेतात?" हे म्हणाले आणि पुढे वाचायला लागले.

आपण लेकीला इतक्या उंच चबुतऱ्यावर बसवलंय की आता उतरायचं तर तिला पडावंच लागेल. खरं कारण ह्यांना सांगायचा अधिकार तिचा आहे, माझा नाही. सांगितलं तरी हे तासाभरात त्यालाही एखादं उदात्त नाव शोधतील आणि शिंपीकाकांना सांगून येतील. पण हॉलची गोष्ट वेगळी. हॉल तर मी बंद करू शकते.

सेक्रेटरी उजाडायच्या आधी उठून गच्चीवर फेऱ्या मारतात आणि फोन खिशात ठेवतात. तेव्हा हे उठायला तासभर तरी असतो. उद्या पहाटे मी जिन्यात जाऊन सेक्रेटरींना फोन करणार आहे आणि रविवारचा कार्यक्रम रद्द करा म्हणून सांगणार आहे. ते कारण विचारतील, विचारणारच. आमच्या घरात कारणांचा काय तुटवडा, पण मी एकही देणार नाही. मग आत येऊन ह्यांच्यासाठी चहा टाकीन. चहा होईपर्यंत सेक्रेटरींचा ह्यांना फोन आलेला असेल, आणि पुढचं काय ते मी बघून घेईन.