कल्याणपर्यंतचा कुलूपबंद डबा

आमची हजेरी परळच्या शेडात लागायची, पण आमची इंजिनं कल्याणला उभी असायची. घाटाकडे जाणाऱ्या मालगाड्या तिथून सुटत. त्यामुळे लालबाग, परळ, शीव इथले आम्ही आगवाले सकाळी आधी परळला जमायचो आणि कल्याणकडे निघालेल्या एका मालगाडीला मागे जोडलेल्या जुन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून कामावर जायचो. भट्टीत कोळसा घालणं हे आमचं काम. ते सुरू होईपर्यंत निम्मी सकाळ या डब्यात जायची. ड्रायव्हरसाहेब गार्डाच्या डब्यात बसत, आणि त्यांच्या हत्यारांची पेटी त्यांच्या आगवाल्याच्या पायाशी असे.

सुरुवातीला मला हा प्रवास आवडायचा. कोणी तंबाखू मळायचा, कोणी डुलकी काढायचा, एखादा भजन म्हणायचा. माझ्या शेजारी शीव कोळीवाड्याचा एक वयस्क आगवाला बसे. तरुणपणी त्यानं मासेमारीचा मचवा चालवला होता, म्हणून शेडात सगळे त्याला तांडेलच म्हणत. भट्टीत कोळसा नुसता लोटायचा नसतो, पसरायचा असतो, हे मला त्यानं शिकवलं. हजेरी परळलाच द्यायची असल्यामुळे तो उजाडताना शिवेहून चालत परळला यायचा आणि मग गाडीत बसून पुन्हा आपल्याच घरासमोरून जायचा. शिवेपाशी गाडी मंदावली की त्याची बायको मासळीची पाटी घेऊन मिठागराच्या बांधावर उभी दिसायची. ती हात वगैरे करत नसे. गाडी पुढे गेली की बाजाराची वाट धरायची.

मग मुंबईत गाठीचा ताप आला, साहेब लोक त्याला प्लेग म्हणत. आधी तो मांडवीकडे आहे असं ऐकलं, पुढे आमच्या लालबागेतूनही तिरड्या निघायला लागल्या. गिरणीतली माणसं गावाकडे पळाली. आमच्या चाळीतल्या खोल्यांना एकामागून एक कुलुपं लागली. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. तिला राजापुरास तिच्या आईकडे पाठवावं असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, धक्क्यावर डॉक्टर बायकांनासुद्धा तपासतात, आणि बोटीतच पोट दुखायला लागलं तर मी काय करू. मी तिला घेऊन जाऊ शकत नव्हतो. जो आगवाला काम सोडून गेला त्याला परत घ्यायचं नाही, असं साहेबानं शेडात सर्वांना उभं करून सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात दुसरा हुकूम आला. आम्ही मुंबईची माणसं, आमच्याबरोबर रोग कल्याणला जाईल, म्हणून परळला डब्यात चढलो की दाराला बाहेरून कुलूप लागणार, किल्ली गार्डाकडे राहणार आणि कल्याणला डॉक्टरसमोरच दार उघडणार. येतानाही तसंच. खिडक्यांना गज होतेच.

पहिल्या दिवशी कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हा कोणीतरी हसलं. गाडी दादरच्या पुढे जाईपर्यंत मात्र डब्यात कोणी बोलेनासं झालं. तेव्हापासून भजन बंद पडलं. सगळे एकमेकांच्या खोकण्याकडे कान लावून बसत. ज्याला ठसका लागे त्याच्या शेजारची जागा हळूच रिकामी होई. उन्हात डबा तापला की मला भट्टीजवळ कधी झालं नव्हतं तसं व्हायचं. छाती दडपून यायची, आणि आपण आताच दारावर लाथा घालू असं वाटायचं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो.

दादरला गाडी थांबली की बोचकी घेतलेली माणसं आमच्या खिडकीशी येत. आत घ्या, कुठंही सोडा, म्हणत. दार बाहेरून बंद आहे असं आम्ही सांगायचो. त्यांना ते खोटं वाटे. एक बाई एकदा गजाला धरून म्हणाली, "तुम्ही सुटलात रे बाबांनो."

एका सकाळी तांडेल शेडात आला तो उतरल्या तोंडानंच. मला एकट्याला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं की बायकोचं अंग रात्री तापलं होतं. उन्हातून आली होती, त्यानंच असेल, असंही तोच म्हणाला. मी म्हटलं, मग आज यायचं कशाला. तो म्हणाला, न आलो तर शेडातून चौकशीला माणूस येईल, आणि त्याच्यामागून तपासणीवाले गोरे सोजीर येतील. ते घरात शिरू नयेत म्हणूनच आलो. हे मी कोणाला बोललो नाही. आम्ही चढलो, कुलूप लागलं.

शिवेपाशी त्या दिवशी सिग्नल पडलेला नव्हता. गाडी उभी राहिली. बांधावर कोणी नव्हतं. बांधाच्या पलीकडे खाडीच्या बाजूला कोळीवाड्यातली कडेची घरं दिसत होती. त्यातल्या एका घरावर माणसं चढून कौलं उतरवत होती, आत ऊन जावं म्हणून. दाराशी जाळी, गोधड्या आणि एक पेटारा जळत होता. सोजीर उभे होते. दोन माणसांनी घरातून एक डोली बाहेर आणली. डोलीतली बाई उठून बसायला बघत होती.

तांडेल गजाला धरून उभा राहिला. त्यानं हाक मारली नाही. तिथवर हाक पोचलीच नसती. त्यानं गार्डाला बोलावलं, तेव्हा मात्र सगळा डबा दणाणला. गार्ड गोव्याकडचा, वाईट माणूस नव्हता. तो खाली उतरून खिडकीपाशी आला, सगळं ऐकून घेतलं, कोळीवाड्याकडे पाहिलंही. किल्ली त्याच्या कमरेला होती. त्यानं तीवर हात ठेवला आणि म्हणाला की इथे दार उघडलं तर माझी नोकरी जाईल, कल्याणला डॉक्टरला सांगू, तोच काय ते करील. मग तो आपल्या डब्याकडे परत गेला.

तांडेल आमच्याकडे वळला. "मना उतरवा रे," एवढंच म्हणाला.

डब्यात एक साताऱ्याकडचा धिप्पाड आगवाला होता. त्यानं उठून दार अडवल्यासारखं केलं. दार बंदच होतं, तरी त्यानं अडवलं. त्याचं म्हणणं, याच्या घरात ताप, हा रोज आमच्यात बसतो, आता हा पळाला तर कल्याणला आम्हां सगळ्यांना डांबतील. माझी पोरं इथे एकटी आहेत, त्यांना कोण बघणार. त्याचं चूक नव्हतं. मला माझी बायको दिसत होती, चाळीच्या त्या अर्ध्या रिकाम्या मजल्यावर. मला डांबलं तर तिला कळणारसुद्धा नाही. आणि त्याच वेळी समोर डोली उचलली जात होती.

ड्रायव्हरसाहेबाची पेटी माझ्या पायाशी होती. खिडकीचे गज एका लाकडी पट्टीत बसवलेले होते आणि ती पट्टी बोल्टांनी आवळलेली होती. आम्ही सगळे ती रोज बघत होतो. मी पेटीतून पाना काढला. पहिल्या बोल्टाची चाकी गंजलेली होती, ती फिरेना. साताऱ्याचा आगवाला माझ्यामागे येऊन उभा राहिला. आता हा पाना हिसकावणार असं मला वाटलं. त्यानं तो घेतलाच, आणि एका झटक्यात चाकी सैल करून दिली. "लवकर आटपा," म्हणाला.

पट्टी निघाली, दोन गज निघाले. तांडेल आधी पाय बाहेर टाकून, मग अंग तिरकं करून खाली उतरला, मचव्यातून चिखलात उतरावं तसा. डोली ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं तो बांधावरून पळत सुटला. त्या वयाचा माणूस तसा पळताना मी पाहिला नव्हता. आम्ही गज परत बसवले. शेवटची चाकी आवळत असतानाच गाडी हलली.

कल्याणला डॉक्टरनं दार उघडवलं, आम्हाला मोजलं, आणि एक माणूस कमी भरला. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, आम्हाला ठाऊक नाही. गार्ड माझ्याकडे पाहत होता, पण तोही काही बोलला नाही. पळालेला माणूस आजारीच असणार, असं डॉक्टरनं ठरवलं आणि आम्हाला मालधक्क्यामागे चटयांच्या झोपड्यांत ठेवलं. भोवती तार आणि तारेबाहेर शिपाई. मी शिपायाच्या हातापाया पडलो की लालबागेस निरोप तेवढा पोचवा. त्यानं मान हलवली, पण तो पोचवणार नाही हे मला दिसत होतं.

तारेशी उभं राहिलं की आमचं इंजीन दिसायचं. माझ्या जागी दुसराच कोणी कोळसा टाकत होता आणि तो नुसता लोटत होता, हे धुरावरून कळत होतं. रोज आमच्या काखा आणि जांघा तपासत. रोज मला वाटे, आज कोणाला तरी गाठ निघणार. साताऱ्याचा आगवाला माझ्याशी बोलत नव्हता. रात्री तो पोरांची आठवण काढून कण्हायचा आणि मी जागा असून झोपल्यासारखा पडायचो. एके दिवशी त्यानं आपणहून तंबाखूची चिमूट पुढे केली. तेवढ्यावर आमचं भागलं. कोणालाही गाठ निघाली नाही. शेवटी आम्हाला सोडलं, आणि सोडलं म्हणजे त्याच डब्यात बसवून, कुलूप लावून, परळला आणलं.

परळहून मी लालबागेपर्यंत पळतच गेलो. चाळीचा जिना चढलो. आमच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं.

मी तिथेच खाली बसलो. तेवढ्यात शेजारची मालवणकडची म्हातारी आपल्या दारातून बाहेर आली आणि तोंडावर बोट ठेवून, कनवटीची किल्ली काढून तिनं माझ्या हातात दिली. तपासणीवाल्यांना खोली रिकामी वाटावी म्हणून कुलूप तिनंच लावलं होतं. बायको आत होती. खिडक्या लावून, दिवा न लावता, आवाज न करता राहिली होती. म्हातारी अंधार पडल्यावर कुलूप काढून तिला पेज आणि पाणी देत होती.

मी दार उघडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, घाबरलीस का. ती म्हणाली, तुम्ही कुठे आहात ते मला माहीत होतं.

खोलीला कुलूप लागण्याच्या आधीच तांडेल येऊन गेला होता. वर चढला नाही, अंगणातच लांब उभा राहिला. खालून हाका मारून त्यानं म्हातारीकरवी खिडकी उघडवली आणि सांगितलं की तुझा घरवाला माझ्यापायी कल्याणला अडकला असणार, त्याला काही झालेलं नाही, तू जिवाला घोर लावू नकोस. बायकोनं वरूनच त्याला त्याच्या बायकोचं विचारलं. ती गेली, म्हणाला. कालच जाळून आलो.

"मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती," असं त्यानं वर बघून सांगितलं. "मना वळखलान तिनं." मग तो निघून गेला.

पुढे थोड्याच दिवसांत त्याच बंद खोलीत आम्हाला मुलगी झाली. बायकोनं पदराचा बोळा दातांत धरून एकही आवाज काढला नाही. मुलगी मात्र मोठ्यानं रडली, आणि म्हातारी धरून आम्ही तिघं मोठी माणसं जिन्यावर कोणाची पावलं वाजतात का ते ऐकत राहिलो. कोणी आलं नाही.

तांडेल शेडात परत आला नाही. पुढच्या वर्षी तो मला शिवडीच्या बंदरावर भेटला. पुन्हा मचव्यावर जाऊ लागला होता. मुलगी झाल्याचं मी त्याला सांगितलं. त्यानं मुलीचं विचारलं, आणि टोपलीतली दोन पापलेटं पानात बांधून दिली.

डब्याचं कुलूप तोवर निघालं होतं. दार उघडं असे, लोक पुन्हा बोलू लागले होते. तरी दादर मागे पडलं की माझी छाती दडपून यायची. मी साहेबाला अर्ज केला की मला परळच्या यार्डातल्या शंटिंगच्या इंजिनावर द्या. माझ्या ड्रायव्हरला नवल वाटलं. घाटाची वाट सोडून डबे पुढेमागे ढकलायला कोण जातं, असं राहिलास तर ड्रायव्हर कधी होणार, असं त्यानं मला पुष्कळ समजावलं. त्याचं खरं ठरलं. मी ड्रायव्हर झालो नाही. पण त्यानंतरची सगळी वर्षं मी लालबागेहून परळला कामावर पायी गेलो.