तायडे सरांच्या नोकरीची सिद्धता

अकोल्याच्या संघपाल तायडे सरांनी गणितात पीएच.डी. केली, सेट काढली, आणि तेव्हापासून ते अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे शिकवतील तेवढ्या तासांचा पगार, आणि उन्हाळ्यात सर असून नसल्यासारखे. कायमच्या जागेची वाट बघता बघता डोक्यावरचे केस गेले, आशा तेवढी गेली नाही.

यंदा 'करिअर कौशल्य आणि संघकार्य' हा नवा विषय आला. तो कुणाच्या गळ्यात मारला? ज्याचं स्वतःचं करिअर रोज एसटीच्या दांड्याला लोंबकळतं, त्याच्याच!

"हा विषय तपासायला विद्यापीठाची समिती येणार आहे. ती खूश झाली की तुमच्या जागेचा प्रस्ताव वर पाठवतो," प्राचार्य म्हणाले. सर कामाला लागले.

एम.एस्सी.ची चारही पोरं हुशार, पण गटात बसवली की पंचाईत. चर्चा करा म्हटलं तर आधी चर्चेची व्याख्या मागायची. नेता निवडा म्हटलं तर गटात एक नेता असतोच, एवढं सिद्ध करून त्यांनी डबे उघडले. शेवटी सर वैतागले. म्हणाले, "करिअरची एखादी खरी अडचण घ्या अन् चौघं मिळून सोडवा."

पोरांनी सरांचीच घेतली.

समिती आली त्या दिवशी चौघांतली आचल फळ्यापाशी गेली. "समजा, तायडे सर परमनंट झाले." सर खुर्चीत पुढे सरकले.

"जागा निघायले तास शिल्लक पाहिजेत," शिवम म्हणाला.

"शिल्लक तास तासिकावाल्याले, म्हणजे आपल्या सरांलेच, देऊन टाकतात," दामिनी म्हणाली.

"अन् देले की शिल्लक रायत नाई," श्यामनं ओळ पुरी केली.

"म्हणजे सर परमनंट व्हाले पाहिजेत, तर सरांनी आधी कॉलेज सोडलं पाहिजे," आचल म्हणाली. "अन् सोडलं तर परमनंट होईन कोण? विसंगती. म्हणून सर परमनंट होऊ शकत नाईत."

समितीनं कडाडून टाळ्या वाजवल्या. असं संघकार्य उभ्या वऱ्हाडात पाहिलं नाही म्हणाले, आणि पुढच्या वर्षीही विषय तायडे सरांकडेच ठेवावा, तासिका तत्त्वावर, अशी शिफारस करून जेवायला गेले.

"सर, माझा प्रस्ताव?" तायडे सरांनी प्राचार्यांना गाठलं.

"आता कसा पाठवू? अशक्य आहे हे तुमच्याच पोरांनी दाखवलं की!"

सर रिकाम्या वर्गात परतले आणि खडू घेऊन फळ्यावरची एकेक ओळ तपासू लागले. कुठेतरी चूक असणारच. त्यांना राग आला होता, रडूही येत होतं. वळून पाहिलं तर चौघं दारात उभी.

"रायू द्या, सर," आचल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आमी चौघं आठवडाभर चूकच शोधून राह्यलो होतो. नाई सापडली."